टेकायला जागा

परवा सकाळी नळाचं पाणी बोटांना बोचलं आणि मी स्वतःशीच म्हटलं, चला, आली. नाशिकची थंडी अशीच येते, न सांगता, थेट स्वयंपाकघरात. त्याच दुपारी बंगलोरहून मनूचे, माझ्या लेकीचे, फोटो आले. तिच्या ऑफिसातल्या मंडळींना दोन दिवस कुठेतरी माळावर जाऊन राहायचंय, कामाचं नावही न काढता, आणि जागा शोधायचं काम हिच्या गळ्यात पडलंय. फोटोंत रांगेने उभे तंबू, तंबूंवर दिव्यांच्या माळा, मागे एक शहाणी नदी. खाली विचारलं होतं, 'आई, यातली कुठली?' मी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून पाहिला आणि कळवलं, 'आडोसा दिसत नाही.' पलीकडून हसणारी तोंडं आली. 'अगं आई, प्रत्येक तंबूला बाथरूम आहे!'

असेल बाई. पण मुक्कामाची जागा बघायची म्हटली की माझी नजर आधी आडोसाच शोधते. ही खोड मला कुवेतमध्ये लागली, तीही एकाच हिवाळ्यात, आणि तेव्हा ही मनू जेमतेम अडीच वर्षांची होती.

कुवेतची थंडी नळातून येत नसे. ती ऐकू यायची. एप्रिलपासून घरघरणारा एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी बंद केला की घरात एकदम इतकी शांतता पसरायची की शेजारणीच्या चमच्यांची किणकिण भिंतीपलीकडून कळावी. मग खिडक्या उघडायच्या, चौकटीत बसलेली वर्षाची धूळ ओल्या फडक्याने पुसायची, ती काही पुरती निघायची नाही. फिंतासमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून एका बाजूला समुद्राची पट्टी दिसायची आणि दुसऱ्या बाजूला लांब शुऐबाच्या कारखान्यांच्या ज्वाळा. ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघायचे आणि आठवडाभर आम्ही सगळे डांबरगोळ्यांचा वास घेऊन हिंडायचो. मला तो मोसम फार आवडायचा. परदेशात गेलेल्या बायका रडत राहतात असं जे सगळे म्हणतात, त्यातली मी नव्हे. सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स म्हणून गेले, तिथेच गाडी शिकले, स्वतःच्या पगारातून जुनी पांढरी डॅटसन घेतली, आणि ती अशी चालवली की नवरासुद्धा शेजारच्या सीटवर मुकाट बसे.

थंडी पडली की कुवेती माणूस घरात ठरत नाही. तो उठतो आणि 'बर्र'मध्ये जातो. बर्र म्हणजे गावाबाहेरचं उघडं वाळवंट. बंगले मोकळे पडायचे आणि वाळूत तंबूंची गावं उठायची, गालिचे, शेगड्या, चहाच्या किटल्या यांसकट. इस्पितळातल्या कुवेती बायका रजा मागायला यायच्या त्या बर्रसाठीच, आणि परत यायच्या तेव्हा त्यांच्या कपड्यांना लाकडाच्या धुराचा वास असायचा. तो वास आला की मला सिन्नरची, माझ्या सासरची, हुरड्याची शेकोटी आठवायची.

आमचा दहा-बारा मराठी घरांचा गट होता. शुऐबातले इंजिनियर, दवाखान्यातले डॉक्टर आणि आम्ही नर्सेस. दर हिवाळ्यात आम्ही दोन दिवसांचं शिबिर करायचो. नाव भारदस्त, काम एवढंच की ड्युटी, बॉस आणि रजा यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सकाळी प्रार्थना, मग व्यायाम, गाणी, एखाद्याचं वाचन, आणि मुलांशी फक्त मराठीत बोलायचं. मुलं उत्तरं इंग्रजीत द्यायची, ते आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. तोवर हे शिबिर शेजारच्या महबूला वस्तीत कुणाच्या तरी गच्चीवर, गादीला गादी लावून व्हायचं. त्या वर्षी मी जाहीर केलं, या खेपेला बर्रमध्ये. गच्चीवर राहायला मी नाशिकहून इतक्या लांब आलेले नाही.

हट्टाला कारण होतं. श्रावण संपता संपता माझ्या सासूबाई सिन्नरहून आमच्याकडे आल्या होत्या. मनूला सांभाळणारी शेजारीण कायमची केरळला निघून गेली होती, माझ्या पाळ्या फिरत्या, नवऱ्याच्याही फिरत्या, म्हणून त्यांना बोलावून घेतलं. सासूबाई म्हणजे गावात उंबऱ्याबाहेर पाय टाकला की चार घरं बोलून येणारी बाई. इथे चौथ्या मजल्यावर, बंद काचांच्या आत, त्या दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. दुपारी मी पाळीवरून यायचे तर त्या खिडकीशी बसलेल्या, मनू पायाशी झोपलेली. एक दिवस मी चहा पुढे केला, तर कप हातात न घेताच म्हणाल्या, "सुमन, खाली बघितलं तर नुसते गाड्यांचे टप दिसत्यात गं. माणूस दिसंना, माती दिसंना. संक्रांत मी घरी करणार. आणि पोरीला संगं नेते."

"मनूला?"

"मग? तू एक पाळी, त्यो दुसरी पाळी. पोर कुणाच्या वाट्याला येतीय?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. माझे यजमान वसंतराव शुऐबात इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. प्रश्नाचे तुकडे पाडून उत्तर काढायची त्यांना सवय. ते म्हणाले, "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. शाळेच्या वयाची झाली की आणू." अशी आणलेली मुलं मी पाहिली होती. माझ्याच वॉर्डातल्या एका मैत्रिणीचा मुलगा आजीकडून परत आला तेव्हा विमानतळावर तिला काकू म्हणाला होता. त्या दिवसापासून घरी असले की मनू माझ्या कडेवर. भाजी चिरताना कडेवर, फोनवर बोलताना कडेवर. "अगं, तिला पाय आहेत," वसंतराव म्हणायचे. पाय आहेत म्हणूनच तर भीती होती. सासूबाईंना हा मुलूख एकदा मोकळ्या हवेत दाखवायचा, त्या रमल्या तर मनू राहील, एवढाच माझा हिशोब होता, आणि संक्रांत काही फार लांब नव्हती.

मग सुरू झालं जागा शोधणं. दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी डॅटसनमध्ये मी, मनू, वसंतराव आणि त्यांचे कारखान्यातले मित्र दीक्षित. सासूबाईंनी यायला साफ नकार दिला, "तुमचं ठरलं की सांगा." दोन इंजिनियर जागा बघायला निघाले की ती दोन दिवसांची सहल राहत नाही, तिथे कारखानाच उभा राहायचा असतो. वारा वायव्येचा, म्हणजे शुऐबाचा धूर आपल्याकडे येणार नाही असं बघा. तेलाचे पाइप जवळ नकोत. वाळू फार मऊ नको, चाकं रुततील. फार खोलगट नको, पाऊस आला तर पाणी साचेल. दीक्षित तर मूठभर वाळू हवेत सोडून तिच्याकडे असं टक लावून बघायचे की वाटावं, आता वाळूच अहवाल देणार.

मी दोन शुक्रवार हे कौतुक बघितलं आणि तिसऱ्या शुक्रवारी विचारलं, "अहो, आणि बायकांनी सकाळी जायचं कुठे?"

दोघेही क्षितिजाकडे बघू लागले. क्षितिज सगळीकडून सारखंच होतं. वाळवंटात सगळं मिळतं, आडोसा तेवढा मिळत नाही. इतक्या बायका, लहान पोरी, आणि मैलभर उघडं. गुडघ्याएवढं झुडूप दिसलं तरी जीव हरखायचा. शेवटी वफ्राच्या रस्त्याला डांबर सोडून बरंच आत गेल्यावर मीच एक जागा हेरली. लांबट, ठेंगणी टेकडी, गुरं बसावी तशी बसलेली. तिच्या अलीकडे तंबू, पलीकडे आम्ही. दीक्षितांनी वाळू सोडून पाहिली, वसंतरावांनी मान डोलावली, आणि जागा पक्की झाली.

आता ती बाकीच्यांना सांगायची कशी? मनू आज फोटोबरोबर नकाशातली खूण पाठवते; बोट लावलं की गाडी दारात. आम्ही गावाकडे पत्ता सांगतात तसा सांगितला. अमुक फाटा सोडला की डावीकडे काळा तंबू लागेल, तंबूशेजारी चाकांवरची निळी पाण्याची टाकी, मेंढरं असतील. तिथून उजवीकडे वळायचं, पाचेक मिनिटांत टेकडी. आपल्याकडे वडाचं झाड, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ सांगून माणूस बिनचूक पोचतो, कारण वड आणि मारुती जागचे हलत नाहीत. इतके शिकलेले आम्ही, पण त्या काळ्या तंबूला मारुतीचं देऊळ समजून बसलो. मधल्या आठवड्यात एकदा झकास पाऊस झाला, आणि त्याचं आम्हाला कौतुकच वाटलं.

ठरल्या गुरुवारी वसंतराव आणि दीक्षित पिकअपमध्ये तंबू, पातेली, पाण्याची पिंपं घेऊन पुढे गेले. त्यांना टेकडी पाठ होती. दुपारी मागून आमच्या नऊ गाड्या, सगळ्यांत पुढे माझी डॅटसन. सासूबाई तयार झाल्या होत्या, खरं तर मी त्यांना तयार केलं होतं. मांडीवर बाजरीच्या पिठाचा डबा घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. पाऊस पडून गेलेल्या वाळवंटाला बारीक हिरवी लव आली होती, तिरकं बघितलं तरच दिसणारी. फाटा आला. मैदानात पार पुढे काळा तंबू आला, निळी टाकी आली, मेंढरं आली. गेल्या खेपेपेक्षा फार आत वाटलं, पण खूण चोख होती. मी ऐटीत उजवीकडे वळले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टेकडी काही येईना. वळून परत तंबूशी आलो, पुन्हा निघालो, पुन्हा परत. चारी बाजूंना जमीन पोळपाटासारखी सपाट.

गाड्या थांबल्या. लोक उतरले. ऊन कलायला लागलं होतं. "खूण तर बरोबर आहे," जो तो म्हणत होता, आणि खूण खरंच बरोबर होती. आमच्यातले सगळ्यांत वडील डॉक्टर बर्वे, बोलायला मवाळ, ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "सुमनताई, अंधाराच्या आत डांबर गाठलेलं बरं. शिबिर काय, गच्चीवरही होतं." दोन-तीन बायकांनी लगेच माना हलवल्या. लहान मुलं भुकेली, पातेली पुढे गेलेली. आमच्याकडे माणसं होती आणि तंबू नव्हते; तिकडे टेकडीशी तंबू होते आणि माणसं नव्हती. मला गच्चीचं काही नव्हतं. आत्ता परत फिरलो तर सासूबाई पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसणार आणि संक्रांतीला मनू विमानात, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. मनू कडेवरच होती. तिला घेऊन मी सरळ त्या काळ्या तंबूकडे चालू लागले.

आता माझं अरबी. ते सगळं इस्पितळातलं. जीभ दाखवा, श्वास घ्या, दुखतंय का, एवढ्यावर माझी नोकरी चालली होती. तंबूबाहेर मेंढपाळ आणि त्याची बायको उभी. मी सलाम केला आणि जे येत होतं ते विचारलं. "अव्वल वेन?" आधी कुठे? पोटदुखीच्या रोग्याला आम्ही पहिलं हेच विचारतो. बाई माझ्याकडे बघत राहिली. "मिन मिता?" केव्हापासून? मग सवयीने तिसरा प्रश्नही निघाला, "अल्हीन वेन?" आता कुठे? दुखणं सरकलं का, ते यावरून कळतं.

बाईने पुढे होऊन मनूच्या कपाळाला हात लावला, मग पोट चाचपलं. पोरीला काय झालंय असं तिने नवऱ्याला विचारलं असावं. मी दोन्ही हातांनी नाही-नाही केलं, म्हणजे एका हाताने, दुसऱ्यावर मनू. आणि बोट त्यांच्या तंबूकडे करून पुन्हा तेच विचारलं. आधी कुठे? केव्हापासून?

मेंढपाळाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. तो असा हसला की मेंढरंसुद्धा दचकली. पायाखालची हिरवी लव त्याने दाखवली, मेंढरं दाखवली, आणि मग हात लांब करून दक्षिणेकडे दाखवला. दुखणं सरकलं होतं. पाऊस झाला, चारा इकडे उगवला, तंबू, टाकी, मेंढरं, सगळं घेऊन तो इकडे आला होता. आमचं देऊळ उठून चालत आलं होतं. मी दोन बोटांनी पिकअप, तंबू, दोन माणसं असं काहीबाही दाखवलं. त्याला कळलं. त्याने आपल्या गाडीत डॉक्टर बर्व्यांना शेजारी घातलं आणि दोघे धुरळा उडवत गेले. अबू सालेम त्याचं नाव. बायको उम्म सालेम.

मी गाड्यांकडे वळले तर माझ्या गाडीचं मागचं दार उघडं, सीट रिकामी. सासूबाई तंबूच्या मागल्या अंगाला, चुलीपाशी, जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. पिठाचा डबा उघडा. उम्म सालेम जाऊन त्यांच्याशेजारी उकिडवी बसली, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, एकमेकींचं ऐकतही होत्या. सासूबाई सांगत होत्या, "आमच्याकडं बी येत्यात मेंढरं, दिवाळी झाली की. वावरात बसवतो आम्ही." इतकी वाक्यं सलग मी त्यांच्या तोंडून कित्येक आठवड्यांत ऐकली नव्हती.

तेवढ्यात बर्वेवहिनी म्हणाल्या, ती माणसं आली की निघूच या, उशीर नको. मी जाऊन म्हटलं, "आई, उठा. सगळे परत जायचं म्हणतायत."

त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. पीठ मळता मळता म्हणाल्या, "जायचं तर तुम्ही जा बाई. मी आत्ता कुठं टेकलेय."

आता सासूला वाळवंटात सोडून कोण जाणार! सूर्य टेकायच्या आत दोन्ही गाड्या आल्या. दीक्षित उतरले ते म्हणत, "पण वाऱ्याच्या हिशोबाने ती जागा..." आणि वसंतरावांनी आईला चुलीशी बसलेलं पाहिलं, दीक्षितांच्या खांद्यावर हात ठेवला, तंबू खाली घेतले. डॉक्टर बर्व्यांनी हात जोडून जाहीर केलं, "आजी बसल्या, म्हणजे शिबिराचं उद्घाटन झालं."

राहिला प्रश्न आडोशाचा. तो मला अरबीत विचारता येत नव्हता, आणि विचारावाही लागला नाही. उम्म सालेमने आम्हा बायकांच्या घोळक्याकडे, मग उघड्या मैदानाकडे नजर टाकली, तंबूत गेली आणि आपला लाल-काळा विणलेला पडदा, जो त्यांच्या तंबूत बायकांची बाजू वेगळी करतो, तो सोडवून घेऊन आली. दीक्षितांनीच खांब रोवले. तीन शुक्रवार हिंडून मी जी टेकडी शोधली होती, तिच्याहून तो पडदा उंच होता.

पुढचं शिबिर शिबिरासारखं झालं. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला मेंढरांची साथ होती, मुलं एकदाची मराठीत ओरडली कारण कोकराला इंग्रजीत काही कळेना, आणि बाजरीची भाकरी व बकरीचं दूध या न्याहारीवर डॉक्टर बर्व्यांनी छोटं भाषणही केलं. मला मात्र त्या दोन दिवसांतली आठवते ती निघायच्या आधीची वेळ. तंबू पाडले होते, धुळीत त्यांचे चौकोन उरले होते. सासूबाई तिथेच बसल्या होत्या, डावा तळवा जमिनीवर टेकून. मी शेजारी बसले, मनू मांडीवर, दोन्ही हातांच्या मध्ये.

"आई, कसं वाटलं?"

"मुलूख वंगाळ न्हाई," त्या म्हणाल्या. "माणसंबी चांगली हायेत." मग थोडं थांबून, "सुमन, मी कधी म्हणलं का ह्यो देश नको म्हणून? मला त्यो चौथा मजला नको होता. पाय जमिनीला लागंना. दोन दिवसांच्या मुक्कामाला तुम्ही तीन-तीन शुक्रवार जागा शोधलीत. म्हातारीला बारा महिने राह्यचं, तिच्यासाठी एक शुक्रवार हिंडायला काय झालं?"

मी मनूला आणखी जवळ ओढलं.

तसं जमिनीवरचं घर आम्हाला पुढे मिळालं. फिंतासातच, जुनं, बैठं, दोन खोल्या आणि पुढे भिंतीआड अंगण. भाडं कमी, झुरळं जास्त. अंगणात सासूबाईंनी मेथी लावली, दारावरून जाणाऱ्या बायकांना हाका मारून मारून कामचलाऊ अरबी, हिंदी आणि मल्याळम पैदा केली, आणि मनू त्या मातीत वाढली. म्हणूनच बंगलोरच्या बाराव्या मजल्यावर राहणारी ही मुलगी अधूनमधून उठून माळावर जाते असं मला वाटतं. तिला मी आज सकाळी एवढंच कळवलं, 'नदीवाली जागा घे. पण आसपास कोण राहतं ते आधी विचार.'

माळावरून निघायच्या त्या वेळी मात्र घर मिळायचं होतं. तेव्हा फक्त पाडलेले तंबू होते आणि सासूबाईंनी विचारलेला प्रश्न. मी घाईने म्हटलं, "हिंडू आई. येत्याच शुक्रवारी हिंडू. जमिनीवरचंच बघू."

"मग संक्रांत इथंच करू," त्या म्हणाल्या. "तीळ मिळत्यात ना हितं?" आणि मांडीवरल्या मनूकडे बघून, "आता सोड की तिला. किती धरून बसशील? कुठं जातीय ती!"

मी हात काढले. मनू उतरली, दोन पावलं धडपडली, आणि मेंढरांमागे पळत सुटली.